सहा पॅड आणि दोन दिवसांचं वाळणं: कापडी पॅडकडे वळताना अडलेलं एक प्रकरण

या प्रकरणातल्या बाई चौतीस वर्षांच्या. काम हिशेबाचं आणि बैठं. सकाळी खुर्चीत बसल्या की दुपारच्या सुट्टीपर्यंत उठणं क्वचितच होतं. पाळी नियमित, पाच दिवसांची, त्यातले पहिले दोन दिवस जोराचे. वर्षानुवर्षं त्या वापरून फेकायचे पॅड वापरत होत्या. अलीकडे मात्र चौथ्या-पाचव्या दिवशी जांघेत आणि बाहेरच्या नाजूक त्वचेवर लाली यायची, चुणचुणायचं, चालताना काचायचं. पाळी संपली की आठवड्याभरात सगळं आपोआप बसायचं. डॉक्टरांनी तपासलं, बुरशीचा संसर्ग नसल्याची खात्री केली आणि घर्षण व ओलावा यांमुळे झालेला त्वचेचा दाह असावा असं सांगितलं. सुगंधी पॅड बंद करा, पॅड लवकर बदला, एवढाच सल्ला. कापडी पॅडचा निर्णय बाईंचा स्वतःचा होता. कचऱ्याची टोचणी मनाला आधीपासून होतीच.

माझ्याकडे त्या आल्या तेव्हा हा बदल जवळजवळ सोडून दिल्यासारखाच होता. मी कापडी पॅड शिवते आणि शिवायला शिकवते, त्यामुळे असे अर्ध्यावर सुटलेले संच माझ्याकडे बऱ्याचदा येतात. यांचा संच सहा पॅडचा होता. सगळे एकसारखे, जाडजूड, वरून मऊ पॉलिएस्टर फ्लीस, म्हणजे लोकरीसारखं केसाळ कृत्रिम कापड. दोन पाळ्यांत त्यांची तक्रारींची यादी तयार झाली होती. डाग कडेने बाहेर येतो. सतत ओलं वाटतं. रक्त पूर्वीपेक्षा जास्त जातंय. तिसऱ्या दिवशी हाताशी सुका पॅड नसतो. कपाटातून कुबट वास येतो. आणि ज्यासाठी एवढा खटाटोप केला ती खाज थोडी कमी झाली, पण गेली नाही.

"ताई, कापड मला मानवत नाही असं दिसतंय. दुसऱ्या कुठल्या प्रकारचे पॅड घेऊ?" असं त्यांनी विचारलं. मी उलट विचारलं, "तुम्ही हे वाळत कुठे घालता?" त्यांना तो प्रश्न अवांतर वाटला. माझ्या मते प्रकरणाची गाठ तिथेच होती. पण आधी बाकीच्या तक्रारी मार्गी लावणं भाग होतं, कारण डाग लागतोय तोवर बाकीचं काही ऐकायची कुणाची मनःस्थिती नसते.

डाग आणि ओलेपणा

फेकायच्या पॅडचा वरचा थर पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिइथिलीनच्या न विणलेल्या कापडाचा असतो. त्याखाली लाकडाच्या लगद्याचे तंतू, त्यांत सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेटचे बारीक कण, आणि तळाला प्लॅस्टिकची पातळ फिल्म. हे कण ओलावा पिऊन फुगतात, त्यांचं जेल होतं, आणि वरून दाब आला तरी ते पाणी सहजी सोडत नाहीत. म्हणून वरचा थर कोरडा लागतो. कापडात असं कुलूप नाही. धाग्यांमधल्या बारीक पोकळ्यांत ओलावा धरलेला असतो, आणि दाबलेल्या स्पंजासारखं ते तो परत देतं. दिवसभर बसून काम करणाऱ्या बाईच्या पॅडवर सतत दाब असतो. कापडाची क्षमता संपायच्या आधीच ओलावा कडेकडे सरकतो आणि डाग मागे न लागता बाजूला लागतो. त्यांच्या बाबतीत नेमकं तसंच होत होतं.

पॅडच्या वेष्टनावर लिहिलेल्या शोषणक्षमतेवर मी स्वतः फारसा विश्वास ठेवत नाही. असे आकडे बहुधा पाणी किंवा मिठाचं पाणी ओतून काढलेले असतात, आणि रक्त पाण्यापेक्षा दाट असतं, ते कापडात हळू मुरतं. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात टॅम्पॉन, पॅड, योनीत बसवायचे कप व चपट्या डिस्क आणि पाळीची खास अंतर्वस्त्रं पहिल्यांदाच खऱ्या रक्तावर तपासली गेली. सर्वांत कमी रक्त धरलं ते अंतर्वस्त्रांनी. "दिवसभर निश्चिंत राहा" या प्रकारच्या आश्वासनाकडे त्यानंतर जरा सावधपणे पाहावं लागतं.

उपाय फार मोठे नव्हते. जोराच्या दिवशी तीन ते चार तासांनी पॅड बदलायचा, दुपारच्या सुट्टीची वाट पाहायची नाही. अंतर्वस्त्र अंगासरशी बसणारं हवं. फेकायच्या पॅडला चिकटपट्टी असते, आणि ती सार्वत्रिक होऊन अर्धं शतकच झालंय. त्याआधी पॅड जागेवर धरायला कमरेचा पट्टा लागायचा. कापडी पॅड फक्त विंग्जच्या टिचबटणावर तरलेला असतो. सैल कापडावर तो चालता चालता पुढे-मागे सरकणारच. यांच्या पॅडला एकच बटण होतं, तेही त्यांच्या अंतर्वस्त्राच्या पट्टीपेक्षा बरंच लांब. मी अर्ध्या इंचावर दुसरं बसवून दिलं.

आणखी एक बारीकशी गोष्ट. पाकीट फोडून त्यांनी पॅड एकदाच धुतले आणि लगेच वापरायला घेतले. कोऱ्या कापडात खळ असते, सुती धाग्याचा मूळचा मेणटपणाही पूर्ण गेलेला नसतो. असं कापड पाणी ओढून घेण्याऐवजी वरच्या वर घरंगळू देतं. चार-पाच धुण्यांनंतर ते खरं शोषायला लागतं. थेंब टाकून पाहावा, लगेच मुरला तर पॅड तयार आहे.

ओलेपणाबद्दल मात्र मी त्यांना खोटी आशा दाखवली नाही. साध्या सुती थरावर ओलावा थोडा जाणवतोच. ओलं वाटणं म्हणजे डाग लागणं नव्हे, हे अंगवळणी पडायला एखाद-दोन पाळ्या जातात. काहींना ते कधीच रुचत नाही, आणि त्यांनी कापड सोडलं तर त्यात गैर काही नाही.

"रक्त जास्त जातंय"

ही तक्रार त्यांनी हळू आवाजात केली, कारण मनात भीती होती. कापडी पॅड वापरायला लागलेल्या बऱ्याच जणींना असं वाटतं. फेकायच्या पॅडमध्ये रक्त जेलमध्ये जातं, पॅड गुंडाळला की विषय संपतो. कापडावर ते पसरतं, आणि धुताना सगळं बादलीत दिसतं. चमचाभर रक्तानेही बादलीतलं पाणी लालसर दिसतं. एका पाळीत जाणारं रक्त सरासरी ३० ते ४० मिलिलिटर, म्हणजे दोन-तीन मोठे चमचे. त्यासोबत गर्भाशयाच्या अस्तराचे कण आणि इतर द्रवही असतात, म्हणून एकूण स्राव त्याहून जास्त भरतो.

८० मिलिलिटरपेक्षा जास्त रक्त जाणं हा अतिरक्तस्राव मानतात. पण घरी मोजमाप घेऊन कुणी बसत नाही, म्हणून खुणा लक्षात ठेवाव्या. सलग काही तास दर तासाला पॅड भिजून बदलावा लागणं, अडीच सेंटीमीटरपेक्षा मोठ्या गाठी पडणं, सात दिवसांपेक्षा जास्त पाळी चालणं, दम लागणं किंवा चक्कर येणं. यांतलं काही असेल तर तो पॅडचा प्रश्न नाही, डॉक्टरांचा आहे. यांच्याकडे यांतलं काहीच नव्हतं. रक्त पूर्वीइतकंच होतं, आता ते फक्त दिसू लागलं होतं.

वाळण्याचं गणित

आता मूळ प्रश्नाकडे. पॅड कुठे वाळतात? घरात, न्हाणीघराच्या दाराशी ठेवलेल्या स्टँडवर, वर टॉवेल टाकून. टॉवेल का? कुणाला दिसू नयेत म्हणून.

एक पॅड उचलून मी शिवण उसवली. आत फ्लॅनेलचे आणि टर्किश कापडाचे मिळून आठ थर, चारही बाजूंनी पक्के शिवलेले. तळाला पीयूएल, म्हणजे पॉलियुरेथेनचा पातळ थर चढवलेलं पॉलिएस्टर. ते पाणी बाहेर जाऊ देत नाही, म्हणजे पॅड वाळायचा तो एकाच बाजूने. वरून टॉवेल, खाली न्हाणीघराचा दमटपणा. असा पॅड हाताला कोरडा लागतो तेव्हाही मधले थर ओलसर असतात. पूर्ण वाळायला दोन दिवस लागत होते.

त्यांचा वापर असा होता: पहिल्या दिवशी पाच पॅड, दुसऱ्या दिवशी पाच, तिसऱ्या दिवशी चार, मग तीन, मग दोन. पहिल्या दिवसाचे पॅड दुसऱ्या दिवशी सकाळी धुतले जातात. वाळायला दोन दिवस, म्हणजे ते चौथ्या दिवशी सकाळी हाती येणार. पहिले तीन दिवस संचातूनच काढायचे, म्हणजे चौदा पॅड हवेत. त्यांच्याकडे सहा होते. दुसऱ्या दिवशी सकाळीच शेवटचा सुका पॅड संपायचा. कामावर जाताना त्या मुकाट्याने जुने फेकायचे पॅड नेत, आणि तिसऱ्या दिवसापासून "बरेचसे वाळलेले" कापडी पॅड पुन्हा लावत. कुबट वास इथूनच येत होता. तिसऱ्या-चौथ्या दिवशी अर्धओलं कापड त्वचेवर, आणि खाज चौथ्या-पाचव्या दिवशी. हे जुळवून पाहिल्यावर त्या थोडा वेळ गप्प बसल्या.

किती पॅड लागतील, हे बहुतेक विक्रेते रक्तस्रावावरून सांगतात. माझ्या अनुभवात तो आकडा वाळायच्या वेळेवर ठरतो. वाळणं दोन दिवसांवरून एका दिवसावर आलं, तर पहिल्या दिवसाचे पॅड तिसऱ्या दिवशी सकाळीच परत मिळतात. मग पहिल्या दोन दिवसांपुरते दहा असले की भागतं. चार पॅड जास्तीचे घेण्यापेक्षा वाळणं सुधारणं कधीही बरं.

म्हणून जोराच्या दिवसांसाठी रचनाच बदलली. खाली पीयूएलचं एकेरी आवरण, त्याला विंग्ज आणि टिचबटणं, दोन्ही टोकांना आडवी पट्टी. त्यावर सुटं कापड घडी करून पट्ट्यांखाली सरकवायचं. कापड ३० सेंटीमीटर रुंद, ४० सेंटीमीटर लांब, साधं सुती फ्लॅनेल. लांबीची चार पदरी घडी केली की १० बाय ३० सेंटीमीटरचा चौपदरी पॅड होतो. जास्त जोर असेल तर मध्ये आणखी एक पट्टी. उलगडलं की हे कापड एका थराचं, चिमटा लावला की दमट हवेतही एका दिवसात खडखडीत वाळतं. कापड बेतण्याआधी धुऊन घ्यायचं, नाहीतर आटून ते पट्टीत तोकडं पडतं. अशी बारा कापडं आणि चार आवरणं त्यांनी स्वतः शिवली. शेवटच्या दोन-तीन दिवसांसाठी तीनच थरांचे काही पातळ पॅड.

दिसायला हे आधीच्या फुलाफुलांच्या संचापुढे फिकं पडतं, हे खरं. बाजारातले एकसंध जाड पॅड सुबक असतात. घडीचं कापड म्हणजे मागे जाणं असंही कुणी म्हणेल. वाळण्याच्या बाबतीत मात्र ते शिवलेल्या पॅडपेक्षा सरस आहे आणि डाग, साबण नीट निघालाय की नाही हेही उलगडल्यावर स्पष्ट दिसतं.

टॉवेलबद्दल बोलणं जरा अवघड होतं. मी त्यांना ओडिशात झालेल्या दोन अभ्यासांबद्दल सांगितलं. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या अभ्यासात ४८६ स्त्रिया होत्या, आणि पुन्हा वापरायचं कापड घेणाऱ्यांत मूत्र व जननमार्गाच्या संसर्गाचं प्रमाण जास्त आढळलं. एवढंच वाचलं तर कापड दोषी ठरतं. २०१८ साली त्याच भागातल्या ५५८ स्त्रियांवरचा दुसरा अभ्यास आला. त्यातही पुन्हा वापरायच्या कापडाचा कॅन्डिडा या बुरशीच्या संसर्गाशी संबंध दिसला, पण असं कापड वापरणाऱ्यांत तो संसर्ग जास्त होता तो पॅड घरात वाळवणाऱ्यांत आणि शौचालयात लपवून ठेवणाऱ्यांत. असे अभ्यास कारण सिद्ध करत नाहीत, पण त्यांनी बोट ठेवलंय ते दमट, लपलेल्या जागेवर. बाईंनी स्टँड खिडकीशी हलवला आणि टॉवेल काढला. घरात दोन दिवस कुजबुज झाली, मग कुणी बघेनासं झालं.

धुणं

बाई वापरलेले पॅड रात्रभर गरम पाण्यात भिजवत. ऊन पाण्याने स्वच्छ होतं हा समज इथे उलटा पडतो. उष्णतेने रक्तातली प्रथिनं गोठतात आणि डाग धाग्याला धरून बसतो. आधी गार पाणी, लालसरपणा जाईपर्यंत विसळायचं, मग साबण. भिजत घालायचंच असेल तर एका रात्रीपेक्षा जास्त नाही. साचलेल्या पाण्यात जिवाणू वाढतात आणि तोच वास कापडात बसतो. साबण निघेपर्यंत खळबळून घ्यायचं. पीयूएलचं आवरण पिळायचं नाही, दाबून पाणी काढायचं. त्याला इस्त्री आणि ब्लीच दोन्ही चालत नाहीत, थर सुटतो. कामाच्या ठिकाणी वापरलेलं कापड आतल्या बाजूला घडी घालून बंद पिशवीत, आणि घरी पोचल्यावर लगेच पाण्यात.

डाग उरला म्हणजे कापड अस्वच्छ, असं नाही. पांढऱ्या कापडावरचा डाग फारच खुपत असेल तर ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड थोडंसं टाकावं. फेस येतो तो रक्तातल्या कॅटलेज या विकरामुळे. रंगीत कापडाचा रंग मात्र त्याने उडू शकतो. ऊन मिळालं तर डाग फिके होतात, पण उन्हाने कापड निर्जंतुक होतं असं मी कधीच सांगत नाही. उन्हाचा खरा उपयोग म्हणजे ते आतपर्यंत वाळवतं.

सुगंधी साबण आणि कापड मऊ करणारं सॉफ्टनर, दोन्ही त्यांच्या धुण्यात होतं. सॉफ्टनर धाग्यावर पातळ थर चढवतो, त्यामुळे शोषण कमी होतं. शिवाय सुगंध हा त्वचेच्या अ‍ॅलर्जीचा नेहमीचा संशयित. दोन्ही बंद केलं.

खाजेचं काय झालं

नव्या रचनेच्या दुसऱ्या पाळीत खाज आली नाही, पुढेही आली नाही. कारण कुठलं, हे सांगता येणार नाही. फ्लीसच्या जागी सुती कापड आलं, सुगंधी साबण गेला, ओलसर पॅड लावणं बंद झालं, आणि हे तिन्ही एकाच महिन्यात. पाळी महिन्यातून एकदाच येते, म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदला असं मी सुचवलं होतं. खाजेने बेजार झालेल्या माणसाला ते पटत नाही, आणि त्यांनी ऐकलं नाही हे मला चुकीचंही वाटत नाही. माझा कल ओलाव्याकडे आहे. तसं पाहिलं तर फेकायचे पॅड वेळेवर बदलले असते तरी खाज कदाचित थांबली असती. डॉक्टरांचा सल्ला तोच तर होता.

कचऱ्याच्या बाजूने पाहिलं तर कापडाचं पारडं जड आहे, पण बिनशर्त नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२१ मध्ये पाळीच्या साधनांच्या जीवनचक्र-अभ्यासांचा, म्हणजे वस्तू बनण्यापासून फेकेपर्यंत पर्यावरणावर पडणारा भार मोजणाऱ्या अभ्यासांचा आढावा घेतला. त्यात मासिक पाळीचा कप सर्वांत पुढे होता, आणि पुन्हा वापरायचे पॅड फेकायच्या पॅडपेक्षा सरस ठरले. कापडी पॅडचा भार पडतो तो मुख्यतः धुण्यात, पाणी आणि ऊर्जेच्या रूपाने. गार पाण्यात, बाकीच्या कपड्यांसोबत, वाऱ्यावर वाळवून ते वर्षानुवर्षं वापरले तर हिशेब जुळतो. हौसेने वीस पॅड घेऊन दोन पाळ्यांत कपाटात टाकले तर तोही कचराच. बाईंचे सहा फ्लीसचे पॅड त्या वाटेवर होते. आता त्यांतले चार वरचा थर काढून, उरलेले थर तीनवर आणून, शेवटच्या दिवसांचे पॅड झालेत. उरलेल्या दोन पॅडचं पीयूएल सुटलं होतं, ते बाद केले.

सगळं कापडावर आलेलं नाही. पहिल्या दोन रात्री त्या अजून फेकायचा पॅडच लावतात, आणि प्रवासात धुण्या-वाळवण्याची सोय नसेल तेव्हाही. रात्रीसाठी लांब कापड शिवून पाहिलं. पण सहा-सात तास न बदलता टिकायला जेवढे थर लागतात, तेवढे घातले की वाळणं पुन्हा दोन दिवसांवर जातं. पुढच्या वेळी त्या दोन सुटी कापडं एकावर एक लावून पाहणार आहेत, प्रत्येक वेगळं वाळेल अशी.